माझ्या नावाचा सद्गृहस्थ

‘समाजमाध्यमाचे सदस्यत्व घेतल्याने व्यक्तीची आप्तेष्टांशी जवळीक वाढते, तिचे कार्य जगापर्यंत पोहोचते आणि तिची ओळख तिच्या स्वतःच्या हाती राहते.’ हे विधान माझे नाही. ते आमच्या महाविद्यालयाच्या परिपत्रकातील आहे, आणि त्याखाली प्राचार्याबाईंची सही असल्यामुळे ते सत्य मानणे हा आम्हा सर्वांच्या सेवाशर्तींचा भाग झाला आहे.

मी जन्मभर जुन्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा केली. एकाच ग्रंथाच्या अनेक नकला समोर ठेवायच्या, कोणत्या नकलकाराने कोठे डुलकी घेतली, कोठे पदरचे घुसडले आणि मूळ कर्त्याने खरोखर काय लिहिले होते, हे शोधायचे, असा हा उद्योग. त्या सवयीने वरील वाक्याकडे पाहिले. ‘जवळीक वाढते’ या म्हणण्यात ती आधीपासून थोडीबहुत शिल्लक आहे असे गृहीत धरले आहे. त्यास आधार दिलेला नाही. ‘कार्य जगापर्यंत पोहोचते’ याविषयी एवढेच सांगतो की नकलकारांच्या हस्तदोषांवरील माझा ताजा निबंध आजवर संपादक आणि मुद्रितशोधक अशा दोघांपर्यंत पोहोचला असून, मुद्रितशोधकाने केलेल्या दुरुस्त्या पाहता त्याच्यापर्यंतही तो पोहोचला असे छातीठोकपणे म्हणवत नाही. राहिला तिसरा दावा, ओळख स्वतःच्या हाती राहण्याचा. तो इतका धादांत खोटा आहे की त्याच्या खंडनासाठी मला घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडावी लागत आहे.

एरवी हे परिपत्रक मी पुस्तकात खूण म्हणून घातले असते. माझी अशी बरीच पुस्तके परिपत्रकांनी भरली आहेत. पण त्या दिवसांत माझी पत्नी घरी नव्हती.

ती लेकीकडे गेली होती. लेकीला बाळ झाले, तेव्हा ‘त्याने मान धरेपर्यंत’ राहायचे असे ठरले. बाळाने मान धरली. मग ते पालथे पडेपर्यंत, असे झाले. ते पालथे पडले. मग बसले. मग रांगू लागले. मानवी शिशूच्या प्रगतीला निसर्गाने कोठेच पूर्णविराम दिलेला नाही, हे हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागले. लेक स्वतः नोकरी करते, लग्नाला वर्षेही लोटली आहेत, तरी तिला अजून आई लागते. याच हिशेबाने गेलो तर माझी पाळी कधी येणार, हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

आमच्या घरात फोनवर भावना व्यक्त करण्याची पद्धत नाही. वस्तू विचारण्याची आहे. संध्याकाळी मी फोन करून नेलकटर कोठे आहे असे विचारत असे. ती ते टेबलाच्या खणात असल्याचे सांगे. मी कोणत्या खणात, असे विचारी. हा दुसरा प्रश्न केवळ संभाषण लांबवण्यासाठी असे, कारण नेलकटर माझ्या हातातच असे. अशा रीतीने सुईदोरा झाला, टॉर्चचे सेल झाले, जुन्या चष्म्याची डबी झाली. पुढे पुढे घरातील वस्तू संपत आल्या. एकदा मी इस्त्रीचे टेबल कोठे ठेवले आहे असे विचारले. ती म्हणाली की आपल्याकडे इस्त्रीचे टेबल कधीच नव्हते. त्यानंतर तिने माझ्या रक्तदाबाची चौकशी केली.

तिचा कप मोरीवरच्या जाळीत पालथा पडलेला असे. मी माझा कप विसळताना तोही विसळीत असे. त्यात तसे करण्याजोगे काही नव्हते. पण एकच कप विसळून हात पुसणे हे मला काही केल्या जमेना.

तर लेक एकदा म्हणाली की आई बाळाचे आणि स्वतःचे सगळे फोटो तिथेच टाकते, आणि पुढे म्हणाली, “तुम्ही बघताच की बाबा. हल्ली किती बदललात तुम्ही.” हा टोला इस्त्रीच्या टेबलाबद्दल आहे असे मी समजलो. मात्र ‘तिथे’ जायचे, हे मनाशी पक्के केले. परिपत्रक निमित्ताला होतेच. सरकारी कारणाखाली खासगी काम उरकण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे आणि मी परंपरेचा अभ्यासक आहे.

मदतीला शेजारचे विमावाले आले. हे गृहस्थ विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाले असले तरी विमा त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. ‘कसे आहात’ हे दोन शब्द ते अशा काळजीने विचारतात की ऐकणाऱ्याला आपल्या मागे कोण कोण आहे ते आठवावे. त्यांनी प्रथम माझा फोटो काढला. मी नेहमीसारखा बसलो. ते म्हणाले, सर, चेहरा जरा सैल सोडा. मी सोडला. ते म्हणाले, आता मघाचाच बरा होता. तो मघाचा फोटो चढवल्यावर यंत्राने कळवले की चित्रात मानवी चेहरा आढळत नाही. विमावाल्यांनी अत्यंत सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिले. पडद्यासमोर बसवून, दिव्याखाली बसवून, शेवटी चष्मा काढून माझा चेहरा मानवी असल्याचे सिद्ध झाले. फक्त चष्म्याशिवाय मला तो दिसत नव्हता.

मग नाव घातले, गाव घातले, नोकरीचे ठिकाण घातले. यंत्राने थोडा विचार केला आणि ‘आपण यांना ओळखता का?’ असे विचारून एक मनुष्य दाखवला. चष्मा चढवून पाहिले. त्याचे नाव माझे होते. महाविद्यालय माझे होते. आणि चेहराही माझाच होता, पंचवीस-तीस वर्षांमागचा, जिन्याच्या कठड्याला टेकून मनमोकळे हसणारा.

विमावाल्यांना यात काही विशेष वाटले नाही. “हे तुमचं जुनं खातं ना सर? मला वाटलं, पासवर्ड विसरलात म्हणून नवं काढताय. परवा माझ्या वाढदिवसाला काय सुंदर लिहिलंत हो. बायकोला वाचून दाखवलं मी.”

मी त्यांना कधी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्याचे स्मरत नाही. त्यांना वाढदिवस असतो, हेही मला त्या क्षणी प्रथम समजले.

त्या रात्रीची झोप कशी गेली ते सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात काही गोष्टींचा उलगडा झाला. बरेच दिवस व्हरांड्यात सहकारी माझ्याकडे पाहून हसत होते. ग्रंथपालाने आपणहून खुर्ची दिली होती. प्राचार्याबाई जिन्यात थांबून ‘सर, तुमची ही बाजू ठाऊक नव्हती’ असे म्हणाल्या होत्या. हा सर्व परिणाम हस्तदोषांवरील निबंधाचा आहे, अशी माझी समजूत होती. मी जिन्यात त्यांना निबंधाचा उत्तरार्धही तोंडी सांगितला होता. आता कळले की ही कीर्ती त्या दुसऱ्याची होती. त्याला शेकडो मित्र होते. तो सर्वांच्या मुलांचे अभिनंदन करी, आजाऱ्यांना धीर देई, गाणाऱ्यांना दाद देई. ज्या सहकाऱ्याचे संशोधन मी गेल्या चर्चासत्रात सप्रमाण मोडीत काढले, त्याच्या नव्या चष्म्याला या माणसाने ‘रुबाबदार’ म्हटले होते. मला अनेक वर्षांत जे साधले नव्हते ते त्याने माझ्याच नावावर काही महिन्यांत साधले होते, आणि तेही एकही तळटीप न देता.

पण हे सर्व मी सोसले असते. मनुष्याचे नाव चोरीला जाते, विचार चोरीला जातात. विद्येच्या क्षेत्रात याची सवय होते. मग मी पत्नीचे पान उघडले.

ती खिडकीजवळ बाळाला घेऊन उभी होती. निळी साडी होती. केस थोडे जास्त पिकले होते, किंवा मी ते पूर्वी पाहिले नव्हते. आणि खाली, माझ्या नावाने: ‘निळा रंग तुला शोभतोच. पण रात्री जागतेस, डोळे सांगतात. दुपारी घटकाभर पड.’ त्याखाली तिचे उत्तर: ‘पडते हो.’

मी खाली खाली वाचत गेलो. तिने बाळाच्या स्वेटरचा फोटो टाकला होता. हा लिहितो, ‘डावी बाही उसवून पुन्हा विणलीस ना? पहिल्या खेपेची बाही तुला कधी पसंत पडत नाही.’ ती लिहिते, ‘बरोबर ओळखलंत.’ नुसत्या भरल्या बादलीचा एक फोटो होता, का टाकला होता कोण जाणे; त्याखाली, ‘कंबर सांभाळ, अर्धी भरून दोनदा ने.’ ती त्याला ‘अहो’ म्हणत होती. ‘अहो, तुम्हीपण जपा.’ तो जपेल असे म्हणत होता.

आणि सर्वांत वर, अगदी ताजे. कोणा मावशीने विचारले होते की सर तिकडे एकटेच का, तुम्ही परत कधी जाणार. त्यावर माझ्या नावाच्या सद्गृहस्थाने जाहीरपणे लिहिले होते: ‘मी मजेत आहे. बाळ चालायला लागेपर्यंत तिने खुशाल राहावे.’

मी मजेत आहे. मोरीवरच्या जाळीत दोन कप पालथे घालून, घरात नसलेल्या वस्तूंचा शोध घेत, मी मजेत आहे. माझ्या बायकोला माझ्या वतीने परवानगी देणारा हा कोण?

मी तक्रार नोंदवली. माध्यमाच्या तक्रारपेटीत तीनशे अक्षरांची मुभा असते. मी पुरवण्या जोडल्या. भाषाशैलीचा मुद्दा मांडला: सदर इसम ‘छान’ हे विशेषण सढळ हाताने वापरतो, मी ते सेवेत रुजू झाल्यापासून टाळले आहे, सदर इसम प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो, ही माझी रीत नव्हे. निर्णय तत्काळ आला. दोन्ही खात्यांची तुलना केली असता, एकाला शेकडो लोक व्यक्तिशः ओळखतात. दुसऱ्याला केवळ एक विमावाला आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारे एक दुकान ओळखते. सबब, दुसरे खाते पहिल्याची तोतयेगिरी करत असल्याचे आढळल्याने ते बंद करण्यात येत आहे. खाली विचारले होते, या अनुभवाबद्दल आपण समाधानी आहात का.

मी पोलीस चौकीत गेलो. तिथे अशा तक्रारींसाठी एक बाई नेमल्या होत्या. त्यांनी चहा मागवला, माझे सगळे ऐकून घेतले. त्याने पैसे मागितले का? नाही. अश्लील काही लिहिले? नाही. कोणाची बदनामी, धमकी? तसेही नाही. त्यांनी पेन खाली ठेवले.

“मग तक्रार नेमकी काय लिहू, सर?”

“तो माझ्या पत्नीशी गोड बोलतो.”

“आणि तुम्ही?”

हा प्रश्न तपासाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी तो मागे घेतला, पण चेहऱ्यावरून मागे घेतला नाही. मग म्हणाल्या की मजकूर ज्यांना उद्देशून आहे त्यांचा जबाब लागेल. वहिनींशी बोलून घ्या.

तेच तर होणार नव्हते. यातील खरी कोंडी अशी होती. तिला सांगावे की ते शब्द माझे नाहीत, तर इतके महिने रोज कोणीतरी आपल्या डोळ्यांखालचे जागरण पाहतो आहे हे तिचे सुख मी माझ्याच हाताने काढून घेणार. आणि न सांगावे तर ती त्या लबाडाच्या ‘खुशाल राहा’वर विसंबून तिकडेच राहणार. शिवाय एक तिसरी गोष्ट होती, ती मी चौकीतल्या बाईंनाही सांगितली नाही. मला त्याचा हेवा वाटू लागला होता. दुपारी तास संपला की मी ग्रंथालयाच्या संगणकावर त्याचे लिखाण वाचत बसे. पत्नीचे पान सर्वांना खुले होते. ती केस विंचरताना कोणती धून गुणगुणते, हे त्याला माहीत होते. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबते आणि दम लागला असे न दाखवता पदर नीट करते, हे त्याला माहीत होते. आमच्या घराविषयीचा इतका विश्वसनीय ग्रंथ माझ्या पाहण्यात नव्हता. मी टिपणे काढू लागलो. मी माझ्या बायकोविषयी एका तोतयाकडून शिकत होतो आणि ती शिकवणी चुकवावीशी वाटत नव्हती.

अखेर शास्त्राने मदत केली. मजकुराचा कर्ता ठरवताना दोन गोष्टी पाहतात: त्याला काय ठाऊक असणे शक्य होते, आणि मूळ साधन कोणाच्या हाती होते. साधन म्हणजे तो हसरा फोटो. तो आमच्या कपाटातील अल्बममध्ये असे. मी हसताना सापडल्याचा तो एकमेव पुरावा आहे. इथे तो कडेने कापलेला होता आणि माझ्या खांद्यावर फक्त बांगड्यांचा एक हात उरला होता. म्हणजे अल्बम ज्याच्या हाती लागला तो गुन्हेगार. आमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे होती? विमावाल्यांकडे. त्यांचा सज्जा कोणाच्या स्वयंपाकघरासमोर येतो? आमच्या. आणि खाते काढताना सर्वांत आधी मदतीला कोण धावले? प्रमेय सुटले होते. मी अंगात कोट चढवून त्यांच्या दारी गेलो आणि पुरावे क्रमाने मांडले.

विमावाले दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यांनी असे काही केले की माझा सगळा क्रम ढासळला. ते कीव आल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. आत जाऊन किल्ली आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

“सर, माझ्या स्वतःच्या बायकोच्या चष्म्याचा नंबर मला माहीत नाही. वहिनींची डावी बाही मला कुठून माहीत असणार? हे एवढं बारकाईनं कोण बघतं हो कुणाला? मला तर वाटलं होतं, तुम्हीच. चार लोकांत सांगायचो मी, की आमचे सर बाहेरून असे दिसतात, पण.” त्या ‘पण’च्या पुढचे त्यांनी सांगितले नाही. “वहिनींनाच विचारा,” म्हणून त्यांनी दार लावून घेतले, आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते.

मी घरी येऊन फोन लावला. या खेपेस कोणतीही वस्तू विचारली नाही. मुद्देसूद बोललो. एक तोतया माझ्या नावाने वावरत असून, गेले अनेक महिने तिला जे जे लिहिले गेले त्यातील एकही वाक्य माझे नाही, निळ्या साडीविषयीचे नाही, बादलीविषयीचे नाही; आणि बाळ चालेपर्यंत खुशाल राहावे असे तर मी स्वप्नातही म्हटलेले नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणूक झालेली व्यक्ती म्हणून तिचा जबाब लागेल. हे कळल्याने तिला वाईट वाटेल, त्यास माझा इलाज नाही.

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होते. ते कोणीतरी त्याच्या हातून काढून घेतले. मग तिने बोलायला सुरुवात केली, मधे एकदाही थांबली नाही, आणि मीही थांबवले नाही. मी जन्मभर इतरांचे शब्द काना-मात्रेचा फरक न करता उतरवून घेतले आहेत. आरोपीचा कबुलीजबाबही तसाच देत आहे:

“मला माहीत आहे ते तुमचं नाही. ते मीच लिहिते. इथे आल्यावर लेक म्हणाली, सगळ्यांच्या फोटोखाली त्यांच्या त्यांच्या घरचे काहीतरी लिहितात, बाबा का गं नाहीत. मला कसंतरीच झालं. म्हणून तुमच्या नावानं उघडलं. फोटो माझ्याजवळ होता, येताना मीच काढून आणला होता. तुमचं नाव मी आयुष्यात कधी तोंडानं घेतलं नाही, ते टाइप करतानाच घाम फुटला. आधी नुसतं ‘छान’ लिहिलं. मग हात थांबेना. तुमच्या कॉलेजातले लोक आपणहून आले, त्यांना नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यांचे वाढदिवस. पण बाकीचं सगळं माझ्यापुरतं होतं. तुम्ही बघितलं असतं तर काय दिसलं असतं, ते लिहीत गेले. मीच लिहायचं, आणि सकाळी उठले की आधी उघडून बघायचं, तुम्ही काय लिहिलंय ते. हसा हवं तर. त्या मावशींनी विचारलं, तेव्हाही मीच बसले तुमच्या वतीनं उत्तर द्यायला. खूप वेळ बसले. बाकी सगळं लिहिता आलं हो मला तुमच्या नावानं. ‘आता ये’ एवढं नाही लिहिता आलं.”